अनोळखी शिखर

तुर्भ्याला आमच्या प्रयोगशाळेत
भेंडी आधी गोठवतात, मग दळतात.
चिकटपणा गोठल्यावर ती
कुणाचीही भाजी असू शकते.

नमुना क्रमांक दोनशे सतरा.
शेतकरी: द्वारका बुधा निरगुडे, तालुका शहापूर.
'फवारणी कशाची' या रकान्यात
कुणीतरी तिच्या वतीनं लिहिलेलं:
पाला.

यंत्र रेघ काढत बसलं.
सपाट, सपाट,
मध्येच मिठागराच्या बांधाएवढा उंचवटा,
पुन्हा सपाट,
आणि चौदाव्या मिनिटाला
सुळका.
आसनगावहून माहुली दिसतो ना,
डोंगर आपला नीट चाललेला असतो
आणि मग कुणाचं न ऐकता वर जातो,
तसा.

यंत्राला सहाशे विषं नावानिशी पाठ.
त्यानं सगळी चाळली
आणि लिहिलं: अनोळखी.

साळसकर सर म्हणाले, विष नाही ना?
मग सोड.

पुढच्या खेपेला नमुन्यांच्या गाडीत
ड्रायव्हरशेजारी मी बसले होते.

निळं पिंप, तोंडाला गोणपाट.
तिनं गोणपाट उचललं
आणि जो वास आला
तो तीन दिवस माझ्या केसांत राहिला.
यात काय काय? मी वही काढली.
ती म्हणाली, लिवू नको.
शेळी सोड रानात.
ज्याला ती तोंड लावत नाय
ते तोडून आन.

निरगुडी, करंज, सीताफळ, रुई, घाणेरी.
मी तरी लिहिलं.
कडुनिंब इकडे फारसा नाही,
तो तिचा जावई कल्याणहून आणतो गोणीत,
रेल्वे कॉलनीतल्या झाडाचा,
वॉचमनला चहा पाजून.

अळ्या मरतात का यानं?

मरत नाय गो.
खायाची विसरते.
कात टाकायची विसरते,
मंग आपल्याच आंगात अडकून बसते.

हेच मी एम.एस्सी.ला
अकरा पानांत वाचलं होतं.
परीक्षेत आलं नाही.

मग तिनंच मला बांधाकडे नेलं,
पिवळ्या शिरांचं एक पान उलटंसुलटं करून दाखवलं,
नापास पोराचं प्रगतिपुस्तक
न लपवता दाखवावं तसं.
हा हळद्या. याला पाला नाय.
याला उपटायचा.
आणि बोलता बोलता उपटलं,
मुळाची माती झाडून.
त्या ओळीत बरीच भगदाडं होती.
मी मोजली नाहीत.

अहवालात सगळे रकाने सारखे आले:
आढळले नाही. आढळले नाही. आढळले नाही.
छापलेल्या आलेखावर, चौदाव्या मिनिटापाशी,
मी पेन्सिलीनं बारीक लिहिलं: निरगुडे.
झाडाचं लिहिलं की बाईचं,
तेव्हाही नक्की ठरवलं नव्हतं.

चार दिवसांनी माल परत गेला.
वाशीच्या पॅकिंगमध्ये एका भेंडीत
अळी सापडली होती.
एक. जिवंत.
बहुतेक उपाशी,
बहुतेक कात अडकलेली,
पण त्यांच्या अर्जात
जिवंत एवढाच रकाना आहे.
विमानात बसणाऱ्या भेंडीत कुणी जिवंत चालत नाही.

द्वारकाबाईंना फोन केला.
त्या म्हणाल्या, कलला.
मागे शेळी ओरडत होती.
मग म्हणाल्या, शापूरला इकला सगला,
तितल्या बाया भोक पडलेली आधी उचलतात.

राखीव नमुना, नियमाप्रमाणे,
तीस दिवस शीतपेटीत, नंतर नष्ट.
'नष्ट केला' या वाक्यापुढे
माझी सही आहे.

घणसोलीला, रात्री साडेनऊला,
लसूण थोडा जास्त टाकून.
बर्फातून आलेली होती तरी
तव्यावर पडल्या पडल्या
तिला तार सुटली.